जे दिसतं ते बोल

आमच्या गाडीला ब्रेक दोन.
एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक माझ्या.
डिचोलीत हे सगळ्यांना ठाऊक,
तरी बाजारातून जाताना फुलवाली
आपली टोपली हातभर आत ओढते
आणि माझ्याकडे बघून हसते.

प्रज्योत च्यारी, अठरा वर्षं अकरा दिवस.
पहिल्याच सकाळी म्हणाला,
मॅडम, हांव सगळें जाणा.
चौदाव्या वर्षापासून बापायची स्कूटर
मयेच्या तळ्याभोवती फिरवत होता म्हणे.
हात खरंच चांगला. क्लच लोण्यासारखा सोडायचा.
मी बघत होते त्याचे डोळे.
ते बॉनेटच्या पुढे जातच नव्हते.

म्हटलं, आजपासून एकच काम.
जे दिसतं ते मोठ्यानं बोल.

लाजला. मग पुटपुटला, रस्ता.
आणखी?
रस्ताच.
मी माझा ब्रेक दाबला.
तो पुढे झुकला, पट्ट्यानं त्याला मागे घेतलं,
आणि नाकासमोरून एक कोंबडी
सहा पिल्लं घेऊन गेली,
अजिबात घाई न करता.
कोंबडी, तो म्हणाला.
उशीर, मी म्हटलं.

दुसऱ्या आठवड्यात जीभ सुटली.
बालरथ उभा. दार उघडं.
दप्तर दिसतंय, पोर दिसत नाही, थांबतो.
पोदेराचा भोंगा वाजला,
म्हणजे आता घरातून कोणीतरी धावत येणार.
काळ्या पाटीची गाडी, भाड्याची, समुद्र शोधत
इथे चुकलेली. वळणावर मधेच थांबेल.
हेल्मेट आहे, पण कोपराला. डोकं मोकळं.
(ही त्याचीच मैत्रीण निघाली. काच खाली करून ओरडला,
ती तोंड वाकडं करून गेली.)
चिऱ्याची भिंत. पलीकडचं काही दिसत नाही.
मग?
मग कोणीतरी आहे असं धरतो.

त्या वाक्यावर मी त्याला
गाड्यावरचा लिंबूसोडा पाजला.

एकदा खिशात फोन थरथरला.
त्याचा हात स्टिअरिंगवरून उठला, वीतभर,
आणि परत बसला.
तेही बोल.
फोन. आवय असेल. थांबल्यावर.

त्याला मी सांगितलं नाही,
पण हा माझा पाय घरीही दाबतो.
कदंबाच्या बसमध्ये, नवऱ्याच्या मागे बसल्यावर,
झोपेत तर पायथ्याची चादर फाटते.
वहीत चारशे बारा नावं आहेत.
एका नावापुढे मी पेन्सिलीनं टिंब काढलंय.
पहिल्या फेरीतच पास झालेला मुलगा.
पाऊस नव्हता, रात्र नव्हती.
रविवारची दुपार, लख्ख ऊन, सरळ रस्ता.
सगळं दिसत होतं.

शेवटच्या दिवशी नार्व्याच्या धक्क्यावर नेलं.
ओहोटी. उतार नेहमीपेक्षा लांब
आणि खालच्या टोकाला हिरवा.
फेरी लागली, लोखंडी फळी खडखडली.

पहिला गिअर, तो बोलू लागला, कोणी न सांगता.
शेवाळ डावीकडे. उजवीकडून घेतो.
दोन स्कूटर आधी जाऊ देत.
म्हाताऱ्याच्या हातात मासळीची पिशवी,
त्याचं लक्ष पिशवीत.
फेरीवाल्याचा हात वर. थांबलो.
हात खाली. सोडतोय.
पाणी फळीच्या दोन्ही बाजूंना. तिकडे बघत नाही.

मग जराशानं, मान न वळवता,
मॅडमचो पाय ब्रेकार ना.

मी खाली बघितलं.
खरंच, चप्पल सीटखाली गेली होती
आणि मी अनवाणी बसले होते.

हॅण्डब्रेक ओढला त्यानं. इंजिन बंद.
दिवाडीच्या बाजूनं वारा आला.
आता फोन बघू, म्हणाला.
बघ, म्हटलं,
आणि पायानं चप्पल चाचपडू लागले.